मरळीच्या गळास बेडूक नको : घरी करावयाची नरम आमिषे

मृगाचा पाऊस होऊन ओढ्यांना पाणी आले, की अहिल्यानगर जिल्ह्यातील पाझर तलावांच्या व बंधाऱ्यांच्या काठी संध्याकाळच्या वेळी गळ टाकून बसलेली माणसे दिसू लागतात. त्यांच्यापाशी बहुधा एक डबा असतो. त्याच्या झाकणास भोके पाडलेली असतात आणि आत जिवंत बेडूक असतात. मरळ ही बेडकावर तुटून पडणारी मासळी आहे, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. बेडकाच्या मांडीतून अथवा पाठीच्या कातडीतून गळ ओवावयाचा, शेवाळाच्या कडेला तो पाण्यावर सोडावयाचा आणि मरळीची वाट पाहावयाची, अशी ही रीत होय. एक मरळ हाती येईपर्यंत दोन-तीन बेडूक वाया जातात आणि कित्येकदा मरळ येतच नाही.

मरळीला बाजारात चांगला भाव असतो, तेव्हा ती कोणी धरू नये असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु तिच्यापायी शेतकऱ्याने आपल्याच शेतातील बेडूक खर्ची घालावेत, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. हेच काम रबराचे किंवा नरम प्लास्टिकचे आमिष करते. ते घरी करता येते आणि एकच आमिष अनेक संध्याकाळी कामास येते.

बेडकाचे मोल

मोठा पिवळसर-हिरवा बेडूक, ज्याला पुष्कळ ठिकाणी डराव बेडूक म्हणतात, तो पहिल्या मोठ्या पावसानंतर डबक्यांत जमतो. नरांचा रंग त्या दिवसांत हळदीसारखा पिवळाधमक होतो आणि त्यांचा आवाज दूरवर ऐकू जातो. याच दिवसांत त्यांची वीण होते व याच दिवसांत ते सर्वांत सहज हाती लागतात. म्हणजे गळासाठी जो बेडूक धरला जातो, तो पुष्कळदा अंडी घालण्यापूर्वीच धरला जातो. मादी हजारो अंडी घालते हे खरे, तथापि त्यांतून मोठे होणारे बेडूक थोडेच असतात. डबके आटले तर एकही उरत नाही, आणि पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी यांसारख्या कमी पावसाच्या तालुक्यांत डबके आटणे ही नित्याची गोष्ट आहे.

बेडकाचे अन्न म्हणजे नाकतोडे, भुंगे, अळ्या, पतंग इत्यादी कीटक होत. अकोले तालुक्यातील भातखाचरांत बांध पोखरणारे लहान खेकडेही मोठ्या बेडकाच्या पोटात जातात. पूर्वी भारतातून बेडकांच्या पायांची मोठी निर्यात होत असे. बेडूक घटल्याने किडींचा उपद्रव वाढेल व कीटकनाशकांवर खर्च करावा लागेल, असा आक्षेप त्या व्यापारावर सातत्याने घेतला गेला आणि १९८७ मध्ये ही निर्यात बंद करण्यात आली. परदेशी जाणारा बेडूक वाचला, पण गळाला लागणारा बेडूक आजही लागतोच आहे.

मरळीचा स्वभाव

आमिष कसे असावे हे ठरविण्यापूर्वी मासळीचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. मरळ कल्ल्यांखेरीज हवेतूनही श्वास घेते. त्यासाठी तिला मधून मधून पाण्याच्या पृष्ठभागावर यावे लागते. पाणी गढूळ असो वा त्यात प्राणवायू कमी असो, ती तग धरून राहते. पाणवनस्पतींच्या आड दबा धरून बसणे आणि जवळून जाणाऱ्या भक्ष्यावर झडप घालणे, ही तिची शिकारीची पद्धत होय. पाण्यावर होणारी हालचाल तिला दिसते, आणि गढूळ पाण्यात ती पाण्याच्या कंपनावरूनही भक्ष्याचा मागोवा घेते. म्हणून तिला फसविण्यासाठी आमिष हुबेहूब बेडकासारखे दिसलेच पाहिजे असे नाही. आकार ढोबळपणे जुळावा, स्पर्श मऊ असावा आणि चाल मात्र बेडकाची असावी. कठीण लाकडी आमिष तोंडात आल्याबरोबर मासा थुंकून टाकतो, तर मऊ आमिष तो क्षणभर अधिक धरून ठेवतो. तेवढा क्षण गळ बसण्यास पुरतो.

मत्स्यपालन करणाऱ्या शेतकऱ्यास या स्वभावाचा आणखी एक उपयोग आहे. ओढ्याच्या किंवा पाटाच्या पाण्याबरोबर मरळीची व शिवड्याची पिल्ले तलावात शिरतात आणि पुढे रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली फस्त करतात. तलावात बीज सोडण्यापूर्वी मोहाची पेंड हेक्टरी सुमारे २,५०० किलो टाकून असे नको असलेले मासे काढता येतात. परंतु एकदा बीज सोडले, की हा उपाय बंद होतो, कारण पेंड शत्रू-मित्र पाहत नाही. शेवाळ व बेशरम यांनी भरलेल्या काठाशी ओढजाळेही नीट चालत नाही. अशा वेळी चालते आमिष उपयोगी पडते. रोहू, मृगळ आणि सायप्रिनस कणकेच्या गोळ्यास लागतात, रबरी बेडकाकडे बहुधा ढुंकूनही पाहत नाहीत. त्यास लागतो तो भक्षक मासाच. तलावातून नेमका चोर निवडून काढण्याचे इतके स्वस्त साधन दुसरे नाही. अर्थात त्याने सर्व मरळी निघतील अशी अपेक्षा ठेवू नये.

स्लीपरचा बेडूक

सर्वांत सोपे आमिष जुन्या रबरी स्लीपरचे व सायकलच्या फाटक्या ट्यूबचे होय. यास विस्तव लागत नाही, विकत घ्यावयाचा तो केवळ गळ. स्लीपरचे फेसाळ रबर पाण्यावर तरंगते व चावल्यावर दबते. हे दोन्ही गुण येथे हवे आहेत.

स्लीपरच्या तळातून सुमारे पाच सेंटिमीटर लांब व अडीच सेंटिमीटर रुंद तुकडा धारदार पात्याने कापावा आणि त्याच्या कडा गोल करून त्यास आंब्याच्या लहान कोयीचा आकार द्यावा. तोंडाकडील बाजू किंचित तिरपी ठेवली, तर ओढताना आमिष ‘डुबूक’ असा आवाज करते. स्लीपरची एक बाजू पांढरी असल्यास ती पोटाकडे येऊ द्यावी. मासा खालून पाहतो आणि बेडकाचे पोट फिके असते. पोटाच्या मध्यरेषेवर उभी चीर पाडून तीत गळाची दांडी बसवावी. गळाचे वळण मागच्या बाजूने बाहेर यावे व टोक वर, म्हणजे पाठीकडे यावे. पाठीवरही एक उथळ चीर पाडून टोक त्या चिरेत अर्धवट लपेल असे पाहावे. नंतर नायलॉनच्या बारीक दोऱ्याने शरीर गळावर आवळून बांधावे आणि पाण्यात न सुटणाऱ्या डिंकाने चीर बंद करावी. गळाच्या वळणाची रुंदी बोटाच्या जाडीएवढी असावी. लहान गळ रबरातच रुतून राहतो व माशाच्या तोंडात शिरत नाही.

पायांसाठी सायकलच्या ट्यूबच्या सुमारे चार मिलिमीटर रुंद व सहा-सात सेंटिमीटर लांब पट्ट्या कापाव्यात. शरीराच्या मागील भागात दाभणाने आडवे भोक पाडून त्यातून पट्ट्या ओवाव्यात, म्हणजे दोन्ही बाजूंस पाय लोंबतील. ट्रॅक्टरच्या ट्यूबचे रबर जाड असते, त्याचे पाय ताठ राहतात आणि आमिष मेलेल्या बेडकासारखे दिसते. मरळ हलत्या भक्ष्यास भुलते, म्हणून पातळ रबरच घ्यावे.

तयार आमिष बादलीभर पाण्यात सोडून पाहावे. ते पोट खाली करून तरंगले पाहिजे. कलंडत असेल, तर पोटाखाली दांडीशी लोखंडाची एक लहान चकती बांधावी. ही परीक्षा काठावर न करता घरीच करावी. कलंडणाऱ्या आमिषाचा गळ उलटा होऊन शेवाळात अडकतो आणि सारी संध्याकाळ तो सोडविण्यात जाते.

ओतीव नरम आमिष

हल्ली दुकानांत मिळणारी झुळझुळीत गांडुळे, मासे व बेडूक ज्या नरम प्लास्टिकचे असतात, त्याचा इतिहास घरगुतीच आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात ॲक्रन या गावी निक क्रीम यांनी १९४९ च्या सुमारास आपल्या स्वयंपाकघरात प्रयोग करून प्लास्टिकचे मऊ गांडूळ ओतले आणि पुढे त्याचा मोठा धंदा झाला. आज हौशी मंडळी हीच आमिषे घरी ओततात. यासाठी लागणारा दुधासारखा पांढरा द्रव म्हणजे प्लास्टिसॉल. पी.व्ही.सी.ची बारीक भुकटी मऊपणा आणणाऱ्या तेलकट द्रवात कालवून तो बनवितात. मोटारींच्या हवागाळण्यांच्या कडा, खेळणी, हातमोजे वगैरेंसाठी कारखान्यांत तो वापरला जातो.

साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा करावा. प्रथम शाडूचा किंवा मेणाचा नमुना घडवावा. त्यास तेलाचा हात लावून तो उथळ डब्यात ठेवावा आणि दोन भाग प्लास्टरास एक भाग पाणी या प्रमाणात कालवलेले प्लास्टर त्यावर ओतावे. घट्ट झाल्यावर नमुना काढून घ्यावा व साचा दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावा. येथे घाई उपयोगाची नाही. ओल्या साच्यात तापलेला द्रव पडला, की आतील पाण्याची वाफ होऊन तो अंगावर उडतो. वाळलेल्या साच्यास वॉर्निशाचे पातळ हात दिले, तर आमिष गुळगुळीत निघते.

प्लास्टिसॉल मंद आचेवर ढवळत तापवला असता आधी घट्ट गोळा होतो. त्या वेळी बिघडला असे समजून पुष्कळजण टाकून देतात. तसे करू नये. सुमारे १७५ अंश सेल्सिअसला तो पुन्हा पातळ व पारदर्शक होतो, तेव्हा रंग घालून ओतावा. ताप याहून पुष्कळ वाढला तर तो पिवळा-तपकिरी पडतो, करपतो आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा तिखट, घसा जाळणारा वायू सुटतो. म्हणून तापमापकावाचून हे काम करू नये. ते उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करावे. स्वयंपाकाचे भांडे व चूल यांसाठी वापरू नये, या कामाचे भांडे कायमचे वेगळे ठेवावे. अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, हातात जाड हातमोजे आणि डोळ्यांस चष्मा असावा. जवळपास पाण्याची शिंतोडी नकोत आणि मुले तर मुळीच नकोत. तापलेला थेंब कातडीस चिकटून राहतो. असे झाल्यास तो ओढून न काढता भाजलेला भाग बराच वेळ वाहत्या थंड पाण्याखाली धरावा व दवाखान्यात जावे.

जुने पाइप, पिशव्या, वायरीवरील आवरण अथवा चपला वितळवून आमिष होईल, असा समज काही ठिकाणी आढळतो. तो चुकीचा व धोक्याचा आहे. त्यांतून नरम आमिष तयार होत नाही, विषारी धूर मात्र होतो.

शंभर मिलिलिटर द्रवात करंगळीएवढी आठ-दहा आमिषे होतात. आमिष आपल्या पाण्याला जुळवून घेणे, हीच घरी ओतण्यातील खरी सोय आहे. श्रावणातील गढूळ पाण्यात काळा किंवा गडद जांभळा रंग उठून दिसतो. हिवाळ्यात पाणी निवळले, की फिका हिरवा अथवा मातकट रंग बरा. मऊपणा आणणारा द्रव थोडा अधिक घातला तर शेपटी अधिक वळवळते, पण आमिष लवकर फाटते. मरळीचे दात तीक्ष्ण असल्याने तिच्यासाठी शरीर जरा चिवटच ठेवावे आणि शेपटी तेवढी कात्रीने पातळ करावी. बारीक वाटलेले मीठ घातल्यास आमिष जड होऊन सावकाश बुडते. तरंगणाऱ्या बेडकात अर्थातच मीठ नको. फाटलेली आमिषे फेकू नयेत, ती साठवून पुन्हा वितळविता येतात. शेपटी तुटली असेल, तर तापलेल्या सुरीचे पाते दोन्ही तुकड्यांमध्ये धरून काढून घेतले आणि तुकडे लगेच एकमेकांस दाबले, की सांधा जुळतो.

ज्या शेतकऱ्यास वर्षातून चार मरळी धरावयाच्या आहेत, त्याने या ओतकामात पडण्याची गरज नाही. त्याला स्लीपरचा बेडूक पुरेसा आहे. ओतीव आमिषाची खटपट गावातील ज्या तरुणांना हा नाद आहे, त्यांनी करावी आणि तीही एकट्याने न करता दोघा-तिघांनी मिळून.

गळ लपविण्याची रीत

ओतीव आमिषात गळाचे टोक लपविले, तर ते शेवाळात व झुडपांत अडकत नाही. गळाचे टोक आमिषाच्या नाकातून सुमारे एक सेंटिमीटर आत घालून खालून बाहेर काढावे. मग गळ ओढून घेऊन त्याची कडी नाकापर्यंत आणावी व गळ अर्धा फिरवावा. आता गळ आमिषाच्या बाजूस धरून वळण कोठे येते तेथे खूण करावी आणि त्याच जागी टोक शरीरात खुपसावे. आमिष सरळ राहिले पाहिजे. जरा जरी वाकले, तरी ओढताना ते भोवऱ्यासारखे फिरते व तंगुसाला पीळ पडतो.

पाण्यात टाकल्यावर आमिष लगेच ओढू नये. पाण्यावरील वलये विरेपर्यंत थांबावे, नंतर वीतभर ओढावे व पुन्हा थांबावे. मरळ पुष्कळदा या थांब्यातच झडप घालते. झडपेचा आवाज होताच काठीला हिसका देण्याचा मोह होतो. पण मासा आमिष तोंडात घेऊन वळेपर्यंत दोन-तीन अंक मोजावेत, तंगुसावर भार जाणवला म्हणजे मग हिसका द्यावा.

कोठे व केव्हा गळ टाकू नये

जिल्ह्यात शेततळ्यांची संख्या मोठी आहे आणि पुष्कळ तळ्यांस ५०० मायक्रॉनच्या प्लास्टिकचे अस्तर असते. अशा तळ्यात गळ टाकू नये. टोक लपविलेला गळही झटापटीत उघडा पडतो. एक भोक पडले, तर ते कोठे आहे हे पाणी उतरेपर्यंत कळत नाही आणि ज्या पाण्यावर डाळिंबाची किंवा लिंबाची बाग उन्हाळा काढावयाची, ते पाणी जमिनीत मुरून जाते. शिवाय अस्तराच्या तळ्यात पाणवनस्पती फारशा नसल्याने मरळीस लपावयास जागा नसते. तेथे फेकजाळ्याने किंवा उन्हाळ्यात पाणी कमी झाल्यावर ती सहज धरता येते. गळाचे क्षेत्र म्हणजे मातीचे तळे, पाझर तलाव, बंधारा व नदीचा डोह.

मुळा, भंडारदरा यांसारख्या जलाशयांत, तसेच गावोगावच्या तलावांत मासेमारीचा हक्क ठेक्याने दिलेला असतो व तो बहुधा मच्छिमार सहकारी संस्थेकडे असतो. गळ टाकण्यापूर्वी संस्थेची संमती घ्यावी. भोई व इतर मच्छिमार कुटुंबांची उपजीविका त्यावर अवलंबून आहे. शेवगाव व नेवासे तालुक्यांत पसरलेला नाथसागराचा फुगवटा जायकवाडी पक्षी अभयारण्यात येतो. अभयारण्याची घोषणा १९८६ मध्ये झाली. तेथे वनखात्याचे नियम लागू आहेत.

वजनासाठी शिशाच्या गोळ्या वापरण्याचा प्रघात आहे. तो सोडावा. तळाशी पडलेल्या या गोळ्या पाणपक्षी खडे समजून गिळतात व विषबाधेने मरतात. ब्रिटनमध्ये हंसांच्या अशा मृत्यूंमुळे १९८७ मध्ये गळाच्या शिशाच्या लहान वजनांवर बंदी घालावी लागली. आपल्याकडे लोखंडी नट किंवा चकती त्याच कामास पुरते. ती गंजली तरी कोणाचे नुकसान होत नाही.

पावसाळ्यात मरळीची जोडी आपल्या पिल्लांची राखण करते. लालसर-नारिंगी पिल्लांचा थवा चेंडूसारखा एकत्र फिरतो, श्वासासाठी वर येतो आणि त्या जागी पाणी उकळल्यासारखे दिसते. त्या थव्यावर आमिष टाकले, की राखण करणारी मरळ भुकेने नव्हे, तर रागाने त्यावर धावते. म्हणून ती हमखास सापडते आणि मागे उरलेली पिल्ले इतर मासे खाऊन टाकतात. पाझर तलावात किंवा नदीत असा थवा दिसला, तर गळ गुंडाळून दुसऱ्या जागी जावे. बीज सोडलेल्या स्वतःच्या तळ्यात मात्र शेतकऱ्याने थवा व जोडी दोन्ही काढून टाकणे योग्य. पिल्लांसाठी बारीक आसाचे हातजाळे वापरावे.

आमिष पाण्यात तुटून राहू नये, याचीही काळजी घ्यावी. नरम प्लास्टिक कुजत नाही. माशाने ते गिळले तर ते पोटात फुगून बसते. तंगूस कमकुवत असला म्हणजे आमिष तुटते, म्हणून मरळीसाठी जाड व विणलेला तंगूस घ्यावा. तलावावर नेलेली आमिषे मोजून न्यावीत व मोजून आणावीत, घाटाच्या कडेला तर विशेषच, कारण तेथे जनावरे पाणी पितात आणि मुले अनवाणी उतरतात. घरी आल्यावर आमिषे धुऊन, पुसून काचेच्या बरणीत ठेवावीत. टणक प्लास्टिकच्या डब्यात ती ठेवली, तर त्यांतील तेलकट द्रवाने डबा चिकट होऊन विरघळू लागतो. काळी व फिकी आमिषे एका बरणीत घालू नयेत, महिन्याभरात सगळ्यांचा रंग एकच होतो.